वादळानंतरचा दहावा वेढा

धर्माजी पोफळीवर चढला की दुपारपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागत नसत. श्रीवर्धनकडे सुपारीच्या झाडाला पोफळ म्हणतात. उंची पन्नास फूट आणि जाडी माणसाच्या मांडीएवढी. वाडीच्या एका टोकाला एका पोफळीवर चढायचं, पिकलेले घड कापून दोरीने खाली सोडायचे, मग शेंड्याला धरून अंगाचा झोका द्यायचा. झाड वाकलं की शेजारच्या झाडाला हात घालायचा आणि पहिलं सोडून द्यायचं. अशी चाळीस-पन्नास झाडं झाली की मग माणूस खाली येतो. ही कला येणारे आता तालुक्यात किती उरलेत ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलं पहिलं बोट धर्माजीचं. साठीला टेकलेला, काटकुळा, कमरेला कोयता, आणि तोंडात शब्द नाही. लोक म्हणायचे, धर्माजीला राग म्हणून येतच नाही. लोकांना काय कळतं!

राग आला होता, आणि तो त्याने दोन वर्षं पोटात ठेवला होता. रोज सकाळी त्याच वाडीत जायचं, त्याच माणसाला 'दादा' म्हणायचं, त्याचीच सुपारी उतरवायची, आणि वरून त्याचं डोकं दिसलं की कोयत्याकडे हात जाऊ द्यायचा नाही. करून बघा म्हणजे कळेल. त्याच्या बायकोला, चंदाबाईला, वाटायचं नवऱ्याचं रक्तच गोठलंय. ज्याने पोराला आत घातलं त्याच्या दारात जाता तरी कसे, एवढं एकदा विचारून तिने बोलणं टाकलं. भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, पण शब्द काढायची नाही. बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेले वस्तीतले लोकही त्याला बघून गप्प व्हायचे.

ज्याच्या दारात तो जायचा तो सुश्रुत, महादेवअप्पांचा एकुलता एक. अप्पांची वाडी बाराशे पोफळींची होती. निसर्ग वादळ आलं तेव्हा एका सकाळीत निम्मी आडवी झाली. सुश्रुत पुण्याची नोकरी सोडून परत आला आणि म्हणाला, नुसत्या सुपारीत आता राम नाही, पाहुणे आणू. उरलेल्या पोफळींच्या सावलीत चार खोल्या बांधल्या, झोपाळे टांगले, पाट्या लावल्या. पहिल्या वर्षी कुणी फिरकलं नाही. मग एकदम शुक्रवारी गाड्या लागायला लागल्या. जो यायचा तो परत जाताना फोनवर लिहून जायचा की इथे झोप फार सुंदर लागते. अप्पा ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, समुद्राची हवा! समुद्राची हवा कसली डोंबलाची. समुद्र शेजारच्या गावालाही होता, तिथे कुणी चौदा-चौदा तास झोपत नव्हतं.

ती झोप वाडीच्या मागच्या कोपऱ्यात, हिरव्या जाळीच्या आड उगवत होती. झाडं बुटकी, पसरट, रुंद बोटांच्या पानांची. थंडी पडली की पानांच्या कडा जांभळ्या व्हायच्या आणि मधल्या कणसांवर दवासारखा चिकट पांढरा थर चढायचा. गांजाच होता तो, पण शिवरात्रीला बैराग्यांच्या चिलमीत असतो तसला नव्हे. हा बाहेरून बी आणून लावलेला संकर. सुश्रुत पाहुण्यांना मास्तरासारखा समजावून सांगायचा की गांजाच्या दोन जाती: सटायवा डोकं पळवते, इंडिका अंग बसवते, आणि यात चार आणे ती अन् बारा आणे इंडिका. पाहुण्यांनी तिचं नाव जांभळी ठेवलं आणि तेच रूढ झालं.

धर्माजीला तिचा वास वरून यायचा. उन्हं कलली की वास वर चढतो, हे झाडावर आयुष्य काढलेल्यालाच कळतं. पोफळीच्या फुलोऱ्याचा वास त्याच्या ओळखीचा, मंद आणि गोडसर. त्यात हा घुसायचा. आधी भिजलेल्या गोणपाटाचा कुबट वास यायचा, त्याच्यामागून कातळाच्या सड्यावर पडून फुटलेल्या जांभळांचा आंबूस गोडवा, आणि सगळ्यात शेवटी डिझेल, बंदरावर होडीचं इंजिन चालू केल्यावर नाकात शिरतं तसं. सदऱ्याला एकदा बसला की दोन धुण्यांत जायचा नाही. चंदाबाई विचारायची, कसला वास घेऊन येता हो? तो सांगायचा, दादांची औषधी झाडं आहेत. सुश्रुतने सगळ्यांना तेच सांगितलं होतं, आणि वर सरकारी परवाना काढल्याचंही सांगितलं होतं. शिकलेला माणूस, मालकाचा मुलगा, त्याला परवाना दाखव म्हणायला कोण जाणार?

आणि जांभळीची मागणी तर अशी वाढली की सुश्रुतलाच आवरेना. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतली माणसं यायची, डोळ्यांखाली काळं, हातातला फोन सुटत नाही. दारूने सकाळी डोकं धरतं, गोळ्यांची सवय लागते, हे आपलं नैसर्गिक, असं म्हणत झोपाळ्यावर बसायची. अर्ध्या तासात खांदे उतरायचे, बोलणं संथ व्हायचं, मग कारण नसताना हसू, मग भूक. आंबोळ्यांचा ढीग फस्त करून माणसं जी कलंडायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठायची. एकाने चौघांना सांगितलं, चौघांनी चाळीसांना. पुढे पुढे श्रीवर्धनच्या बाजारातली पोरंही वाडीच्या कुंपणाशी घुटमळायला लागली. ज्या गोष्टीची एवढी वाहवा होते ती पोलिसांच्या कानावर जायची राहते होय?

मधल्या काळात धर्माजीने स्वतःच्या हाताने एक गोष्ट केली होती. त्याचा मुलगा अजित तळा या गावी मावशीकडे राहून बी.ए. झाला होता आणि वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे किनाऱ्यावर धावायचा. भरती निघेपर्यंत पोराने घरी बसू नये म्हणून वादळानंतरच्या तिसऱ्या दिवाळीला धर्माजी अप्पांपुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, पोराला वाडीत कुठंतरी चिकटवा. अप्पांनी सुश्रुतकडे बघितलं आणि सुश्रुतने लगेच हो म्हटलं. मागच्या कोपऱ्याची राखण, राहायला झावळ्यांची खोप, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे भाजीपाला लावायला कोपऱ्यातली थोडी जागा. राखणदाराला अशी जागा द्यायची हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. धर्माजीने त्या दिवशी घरी पेढे नेले होते.

तीन महिन्यांनी, माघात, एका सकाळी सुश्रुत आपण होऊन पोफळीखाली आला. एवढ्या वर्षांत त्या घराण्यातल्या कुणी धर्माजीला हाताने काही दिलं नव्हतं. सुश्रुतने मायेने विचारलं, कंबर धरलीय ना, आणि एक वळलेली विडी पुढे केली. ओढ, आराम पडेल. कंबर खरंच धरली होती. धर्माजीने पंपाच्या खोलीमागे बसून ती ओढली.

आधी काहीच झालं नाही. मग कंबर दुखायची राहिली नाही, पण ते दुखणं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं लांब गेलं. जीभ कोरडी पडून टाळूला चिकटली. मग अशी भूक लागली की त्याने डबा संपवला, आणि अजितने हसत हसत आपल्याही डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी त्याच्यापुढे सरकवली. आबा, आज काय झालंय तुम्हाला, असं पोरगा म्हणाला. धर्माजीही हसला. मग मांड्या जड झाल्या, पापण्या मिटायला लागल्या, आणि तो सुकलेल्या झावळ्यांवर आडवा झाला.

तीनच्या सुमाराला पोलीस आले. झोपला होता म्हणून काही कळलं नाही, असं त्याने वस्तीत सांगितलं. ते खोटं होतं. त्याला सगळं ऐकू येत होतं. जाळी ओढल्याचा आवाज, बुटांचे आवाज, सुश्रुतचं इंग्रजी-मराठी, आणि मग अजितची हाक. आबा. आबा, उठा. आबा! तीन वेळा. त्याने उठायचं ठरवलं होतं, पण अंग म्हणत होतं नंतर. हात म्हणत होता नंतर. डोळे उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि चंदाबाई उशाशी बसून छाती बडवत होती.

त्या दिवशी सकाळीच धाड पडणार म्हणून सुश्रुतला कुणाचा तरी फोन आला होता, हे नंतर कळलं. वाळवलेल्या कणसांचं पोतं अजितच्या खोपीत सापडलं. सुश्रुतने जबाब दिला की तो कोपरा रिवाजाप्रमाणे राखणदाराला भाजीपाल्याला दिलेला, त्यात तो काय लावतो हे आम्ही बघत नाही. रिवाज खरा होता, म्हणून तर खोटं पचलं. माल एवढा होता की अजितला जामीन मिळेना. त्याला अलिबागच्या तुरुंगात नेलं आणि माणगावच्या कोर्टात तारखा पडायला लागल्या. अप्पांनी पंचनाम्याच्या कागदावर सही केली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

पहिल्या भेटीत जाळीच्या पलीकडून अजितने काही मागितलं नाही. फक्त म्हणाला, "आबा, मी हाक मारली होती." धर्माजी परतीच्या एसटीत बसला आणि त्याला ओकारी झाली.

पहिल्यांदा त्याच्या मनात सरळ खून होता. एक दिवस सुश्रुत नेमका झाडाखाली उभा होता, चाळीस फुटांवरून कोयता नुसता हातातून सुटायचा अवकाश. निसटला, म्हातारा हात, कोण काय म्हणणार? धर्माजीने तो विचार नीट करून बघितला आणि टाकून दिला. मेला तर सुटला. त्याला सुश्रुत मेलेला नको होता. त्याला तो त्याच चार भिंतींत बसलेला हवा होता, अजितच्या जागी, बापाला हाका मारत. अजित बाहेर आणि सुश्रुत आत, एवढंच मागणं होतं आणि त्यातलं कणभरही कमी त्याला चालणार नव्हतं. म्हणून तो रोज कामावर गेला. शिव्या खाल्ल्या, अबोला सोसला आणि वरून बघत राहिला.

वर्षभराने त्याला ते दिसलं, आणि दिसलं तेही पायाला. मागच्या कोपऱ्यातल्या एका पोफळीवर शेंड्याशी पाय रोवताना खोडावरचे वेढे पायाला खरखरीत लागले. पोफळीची प्रत्येक झावळी गळून पडली की खोडावर एक वेढा उरतो. वर्षाला साधारण सहा. झाड खाऊन-पिऊन सुखी असेल तर दोन वेढ्यांत चार बोटं अंतर राहतं. झाड उपाशी राहिलं तर वेढे दाटीने येतात. निसर्ग वादळाने झावळ्या ओरबाडून नेल्या होत्या, म्हणून त्यातून वाचलेल्या प्रत्येक पोफळीवर त्या वर्षीचा दाटीचा पट्टा आहे, सगळीकडे. त्याच्यावर मात्र वेढे पुन्हा ऐसपैस. या झाडावर तसं नव्हतं. वादळाच्या पट्ट्याच्या वर नऊ वेढे मोकळे होते, दहाव्यापासून पुन्हा दाटी, चार-पाच वेढ्यांची, आणि मग पुन्हा मोकळं.

तो खाली उतरला नाही. झोका देऊन शेजारच्या झाडावर गेला. तिथेही दहावा. त्याच्या शेजारी, दहावा. अशी सात झाडं होती आणि ती बरोबर त्या जाळीच्या भोवती उभी होती. त्यांच्या पलीकडच्या आठव्या झाडावर दाटी नव्हती.

मग त्याला आठवलं. वादळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला सुश्रुत लांब काठीला विळा बांधून त्या झाडांच्या हिरव्या झावळ्या ओढून कापत होता. पाहुण्यांना ऊन हवं असतं, म्हणाला होता. पाहुण्यांना कसलं ऊन! पोफळीच्या सावलीत जांभळी धरत नव्हती म्हणून झाडं बोडकी केली होती. झाडाचं पान हिरवं असताना कापायचं नसतं, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. मालकाचा मुलगा कधी झाडावर चढला असता तर त्याला ते कळलं असतं. वर्षाला सहा वेढे, दहावा म्हणजे पावणेदोन वर्षं. अजित वाडीत आला तेव्हा पंधरावा चालू होता. दहाव्या वेढ्याला अजित तळ्याच्या कॉलेजात बसला होता आणि तिथल्या हजेरीपटावर त्याचं नाव होतं. धर्माजी शेंड्याला मिठी मारून एकटाच हसला. बऱ्याच दिवसांनी.

अजितची वकील सरकारने दिलेली होती, भक्ती नावाची तरुण मुलगी. तिने आधी कपाळाला हात लावला. झाड कोर्टात साक्ष देतं का, आबा? मग ती स्वतः कॅमेरावाला घेऊन आली, त्याला शिडीने वर पाठवलं, प्रत्येक झाडाच्या शेंड्याचे फोटो काढले आणि रात्रंदिवस कागद लिहीत बसली. पोलिसांच्या नकाशातही गांजाच्या जागेभोवती सात पोफळी काढलेल्या होत्या. तारखांवर तारखा पडल्या आणि शेवटी कोर्टाने हुकूम केला की शेतीखात्याच्या अधिकाऱ्याने जागेवर जाऊन झाडं तपासावीत. दिवस ठरला, एप्रिलच्या दहा तारखेचा. भक्तीला एकच धास्ती होती, तोवर झाडंच कुणी तोडली तर?

"या गावात पोफळ तोडणारा एकच माणूस हाय, ताई," धर्माजी म्हणाला.

नोटीस वाडीच्या फाटकावर लागली. सुश्रुत एव्हाना पार उतरला होता. वाडीत लावायची हिंमत नव्हती, पण बाहेरून आणून पाहुण्यांना पुरवत होता आणि त्यातलं निम्मं स्वतः ओढत होता. डोळे लाल, पोट सुटलेलं, दुपारी बारापासून ओटीवरच्या झोपाळ्यावर पसरलेला. धर्माजीची वस्ती कुंपणापलीकडे, दोन मिनिटांच्या अंतरावर. शहाणा माणूस चालत गेला असता, कानात सांगून आला असता. पण जांभळीने ज्याला बसवलं त्याला उठवणार कोण? सुश्रुतने फोन उचलला आणि आवाज भरून पाठवून दिला.

धर्माजीने साधा फोन टाकून अजितच्या तारखा कळाव्यात म्हणून मोठा फोन घेतला होता. तो त्याने चंदाबाईपुढे ठेवला आणि बटण दाबलं. जाड जिभेने, शब्द ओढत सुश्रुत बोलत होता. "धर्माजी, मागच्या कोपऱ्यातल्या त्या सात पोफळी उद्या तोडून टाक. कोर्टाचा माणूस यायच्या आत. सोट तुझेच, ने घरी." चंदाबाईने ते दोनदा ऐकलं. उठली, मोरीतला दगड आणला आणि नवऱ्याचा कोयता घेऊन त्याच्यावर घासत बसली.

आता या सोटांचं ऐका. पोफळ तोडली की तिचा सोट, म्हणजे खोड, तोडणाऱ्याचं. हा आणखी एक रिवाज, राखणदाराच्या भाजीपाल्यासारखाच जुना. मांडवाला खांब लागतात, गोठ्याला वासे लागतात, पाण्याला पन्हळ लागते, ते सगळं त्यातून होतं. सुश्रुतला तो रिवाज तोंडपाठ होता. अजितला आत घालताना त्याने रिवाजाचाच आधार घेतला होता. यावेळी रिवाजाने त्याला धरलं.

धर्माजीने सात झाडं तोडली. तोडताना त्याला वाईट वाटलं, प्रत्येकीच्या बुंध्याला त्याने हात लावला. झाडांचा काय गुन्हा? पण त्याने ती घाईत आडवी केली नाहीत. वर जाऊन आधी शेंडा उडवला, मग त्याच्याखालचा दहा फुटांचा तुकडा दोरीने अलगद खाली सोडला, वेढ्यांना ओरखडा न आणता, मग उरलेलं खोड जमिनीलगत तोडलं, आणि तुकड्यावर आणि बुंध्यावर कोयत्याने सारख्याच खुणा केल्या. वस्तीतले लोक तुकडे न्यायला आले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्याशी बोलले, तेही एवढंच, की कुठे ठेवायचे. बाबासाहेबांची जयंती आठवड्यावर आली होती. विहारापुढे मांडव घालायचाच होता.

दहा तारखेला सकाळी सगळे जमले. शेतीखात्याचा अधिकारी टेप घेऊन आला, कोर्टाचा माणूस, पोलीस, भक्ती. सुश्रुत इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. मागच्या कोपऱ्यात सात बुंधे जमिनीसरशी. वादळाने खिळखिळी झाली होती, पाहुण्यांच्या अंगावर पडतील म्हणून काढली, असं सुश्रुतने खेदाने सांगितलं. भक्तीचा चेहरा उतरला. कोर्टाच्या माणसाने लिहायला सुरुवातही केली की झाडं जागेवर नाहीत.

"साहेब, झाडं हायत," धर्माजी म्हणाला. "उभी हायत. चार पावलं चला."

विहारापुढच्या मांडवाला सात खांब होते. त्यांना निळ्या पताका बांधल्या होत्या, पण खांबांना रंग दिलेला नव्हता. अधिकाऱ्याने बुंध्यावरच्या खुणा आणि खांबांवरच्या खुणा ताडून बघितल्या, भक्तीचे फोटो शेजारी धरले, मग चष्मा चढवून वेढे मोजायला बसला. वादळाचा पट्टा त्याला सांगावा लागला नाही. त्याच्या स्वतःच्या गावच्या वाडीतही तो होता. त्याच्यावर तो मोजत गेला आणि बोट दहाव्यावर थांबलं. दुसऱ्या खांबावर थांबलं. सातव्यापर्यंत प्रत्येकावर तिथेच थांबलं. मग वाडीतल्या दुसऱ्या दहा झाडांवर धर्माजीला चढवून त्याने फोटो मागवले, तिथे दाटी नव्हती. या सात झाडांची पानं वादळानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी कापली गेली, असं त्याने मांडवात परत येऊन लिहिलं आणि सही केली. सुश्रुत ओरडायला लागला की धर्माजीने मुद्दाम केलंय, तपासणीच्या आत झाडं तोड असं मी त्याला सांगितलंच नव्हतं. धर्माजीने खिशातून फोन काढला आणि बटण दाबलं. मांडवात सुश्रुतचाच जाड आवाज घुमला, कोर्टाचा माणूस यायच्या आत.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणाइतकं गोड धर्माजीला आयुष्यात काही लागलं नव्हतं. सुश्रुतच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलं ते त्याने टक लावून पाहिलं, पापणी न हलवता. पोलिसाने सुश्रुतच्या दंडाला धरलं तेव्हा ओटीवरून अप्पा धावत आले आणि वस्तीच्या तोंडाशी थांबले. धर्माजीला वाटलं अजून थोडा वेळ चालावं हे. चंदाबाईने त्याच्या बाहीला हात लावला. "चला घरी," ती म्हणाली.

अजित पावसाच्या आधी जामिनावर सुटला आणि नवरात्रात कोर्टाने त्याला पुरतं मोकळं केलं. सुश्रुत आत गेला तो आतच राहिला. घरी आलेला अजित पूर्वीचा नव्हता. धावायला जात नव्हता. भरतीचं वय अजून होतं, पण पुस्तकं उघडत नव्हता, भिंतीला टेकून बसायचा आणि दार बंद झालं की दचकायचा. धर्माजीने वाडीचं काम सोडलं आणि पायात अडकवायचा दोरीचा फास खुंटीला टांगून ठेवला. मार्गशीर्षात अप्पांच्या पोफळी पिवळ्या-केशरी घडांनी लवल्या. म्हसळ्याहून कुणी चढणारा मिळाला नाही, मिळाला तो एका झाडावरून दुसऱ्यावर जायला घाबरला. सुपारी गळायला लागली. वस्तीत बसून तिचे आवाज ऐकू यायचे.

एका दुपारी महादेवअप्पा वस्तीत आले, चालत, एकटे. आयुष्यात पहिल्यांदा. चंदाबाईने अंगणात खुर्ची ठेवली आणि पाणी दिलं. अप्पा आधी सुपारीबद्दल बोलले, सगळी सडून चाललीय म्हणाले, पण ते त्यांच्या मनात नव्हतं हे दिसत होतं. मग अप्पांनी मान खाली घातली आणि सांगितलं की सुश्रुतला आत झोप येत नाही. आठ महिने झाले. ती सवय अंगातून निघाली आणि तिच्याबरोबर झोपही गेली. रात्रभर डोळे टक्क उघडे. वकील सांगतो की तो माझ्या नावाने हाका मारतो. मी अजून भेटायला गेलेलो नाही, धर्मा, मला जमत नाही. तू एकदा कोर्टात सांग ना, की तो फोन, तो आवाज... मुलगा आहे रे माझा.

धर्माजीला हेच हवं होतं. शब्द न् शब्द हेच. दोन वर्षं पोफळीच्या शेंड्यावर बसून त्याने हेच मागितलं होतं. त्याने ते सावकाश, पुरतं ऐकून घेतलं.

"मंगळवारी जा, अप्पा," तो म्हणाला. "सकाळी सहाची एसटी पकडा. आधारकार्ड न्या. लाडूबिडू नेऊ नका, दारातनं परत देतात. जाळीच्या पल्याड माणसं लय असतात, वरडून बोलावं लागतं. येताना पोटात ढवळतं, म्हणून काय खाऊ नका. आन् त्यानं इचारलं की मी हाक मारली तवा तुम्ही कुठं होता..."

तो थांबला. अप्पांनी वर पाहिलं. काय सांगायचं मग, त्यांनी विचारलं.

"मला दोन वर्सांत सापडलं न्हाय. तुम्हाला सापडलं तर मलाबी सांगा."

अप्पा उठले. वाडीकडे चालायला लागले. धर्माजी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. त्याला दया आली नाही. यायला हवी होती असंही वाटलं नाही. वाडीत कुठेतरी एक घड सुटून पडला, सुपाऱ्या पाटाच्या पाण्यात उडाल्याचा आवाज आला, आणि त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात घरातून अजितने हाक मारली. त्याला काही झालं नव्हतं, नुसतं पाणी हवं होतं. चंदाबाई दाराशीच होती, तिने तांब्या उचललाही होता. पण आबा हा शब्द पुरा व्हायच्या आत धर्माजी उंबरा ओलांडून आत गेला होता.